गुरुजींचा शेवटचा आकडा

अहमदपुरात आमच्या गल्लीत कुणाची नवी मोटारसायकल आली की मालक पेढे घेऊन घरोघर फिरतो आणि एक घर मुद्दाम चुकवतो. ते घर मन्मथप्पांचं. कारण अप्पा गाडी बघतच नाहीत. ते नंबरप्लेट बघतात. ओठ जरासे हलतात, डोळे मिटतात आणि निकाल येतो, "पंचेचाळीस एकोणसाठ. सत्तेचाळीसनं तुटतो."

रस्त्यात गाठ पडलेल्या मालकाच्या हातातला पेढा तिथंच थांबतो. नवीकोरी गाडी, अजून हँडलचा हार सुकला नाही आणि हा म्हातारा तुटायची भाषा करतोय! मग अप्पाच समजूत घालतात, "तसं न्हाई हो. तुटतो म्हंजे भाग जातो. सत्तेचाळीस गुणिले सत्याण्णव. चांगलं असतंय, आकड्याला सोबत असती."

अप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. आडतीवर आलेला माल काट्यावर घालायचा, वजन पुकारायचं आणि पोती मोजायची, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. निवृत्त होऊनही आता बारा वर्षं झाली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि हातात माझ्या दुकानातली शंभर पानी वही. माझं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दाराच्या बरोबर समोर आहे. त्यामुळं त्यांच्या आयुष्याचा मी, इच्छा असो-नसो, रोजचा प्रेक्षक. त्यांची पत्नी नागम्मा गेली तेव्हा अप्पा एकोणसाठ वर्षांचे होते. मुलगा मृत्युंजय हैदराबादला नोकरीला. रविवारी फोन करतो, जेवण झालं का विचारतो. अप्पा हाव म्हणतात. तो बरं म्हणतो. एवढ्यात आठवडा आटोपतो.

स्वतःचं वयसुद्धा अप्पा तोडून सांगतात. मागं एकदा म्हणाले, "शेठ, मला बहात्तरावं लागलं. लई मनमिळाऊ आकडा. दोन जातो, तीन जातो, चार जातो, सहा, आठ, नऊ, बारा, समदे येऊन जात्यात. पुढल्या वर्षी त्र्याहत्तर."

"त्र्याहत्तरला काय होतंय?"

"मूळ संख्या हाय ती. कुणी फिरकायचं न्हाई."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती. हे मला शाळेत कळलं नव्हतं, अप्पांच्या ओट्यावर कळलं. शाळेत गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचो. आता दुकानात बसून अप्पांकडं बघतो. एकूण माझं गणित कायम बाहेरच बघत झालं.

आता हा नाद मापाड्याला लागला कसा? त्यासाठी शेषेराव गुरुजी सांगायला हवेत. चाकूरच्या शाळेत गणित शिकवायचे आणि घरची थोडी शेतीही होती. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांचं सोयाबीन यार्डात आलं आणि अप्पा मोजायला उभे राहिले.

आमच्याकडं माल मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असं. अप्पांचा आवाज तेव्हा यार्डाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. मोजणी संपली तेव्हा सदतीस पोती भरली. गुरुजी पावतीसाठी थांबायचे सोडून अप्पांपाशी गेले.

"अप्पा, एकाला तुम्ही एक का म्हणत नाही?"

"एक म्हंजे एकटा की हो. मालाला एकटेपणाची नजर लागू नये. म्हणून लाभ."

गुरुजी खूश झाले. म्हणाले, "आमच्या गणितातही त्याला वेगळंच बसवतात. बाकीच्या आकड्यांची दोन जातींत वाटणी केली, मूळ आणि संयुक्त. एकाला दोन्हीकडं जागा नाही. तुमच्या यार्डानं त्याला निदान नाव तरी चांगलं दिलं."

अप्पांना हे पटलं. एकट्या आकड्याची कुणी विचारपूस करतो, ही गोष्टच त्यांना नवी होती. नागम्मा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

पुढं दोन महिने गुरुजी कामाशिवाय यार्डात येऊन बसत. चाकुरातली दुपार त्यांना जड जात असावी, त्यांचीही मंडळी आधीच गेलेली. अप्पांना त्यांनी मूळ संख्या शोधायची चाळणी शिकवली. आकडे ओळीनं लिहायचे, दोनाच्या पाढ्यातले खोडायचे, तीनाच्या पाढ्यातले खोडायचे, मग पाचाच्या, मग साताच्या. खाली उरतात त्या मूळ. मापाड्याला चाळणी शिकवायला वेळ कितीसा लागणार? अप्पांनी पंधरा दिवसांत हजारापर्यंतचा माल स्वच्छ चाळून दिला.

मग गुरुजी नांदेडला, लेकीकडं, तनुजाताईंकडं राहायला गेले. जाताना एक खेळ ठरला. गुरुजींनी दोन मूळ संख्या घेऊन गुणायच्या आणि गुणाकार पोस्टकार्डावर लिहून पाठवायचा. अप्पांनी त्या दोन हुडकून उत्तर पाठवायचं, धाकटी आधी, थोरली नंतर. सोबत आपला नवा आकडा. पुढच्या कार्डावर पाठवणाऱ्यानं बरोबरची खूण करायची. मोबाईलला विचारायचं नाही. क्षेमकुशल लिहायचं नाही.

"क्षेमकुशल का न्हाई?" मी एकदा विचारलं होतं.

"ते लिहिलं की कार्ड भरतंय," अप्पा म्हणाले. "आन् आकडा आला म्हंजे माणूस बराच असणार ना? तापात कोण गुणाकार करतंय?"

पहिलं कार्ड जानेवारी दोन हजार तेरामध्ये आलं. त्यावर फक्त ११४७. अप्पांनी संध्याकाळपर्यंत उत्तर काढलं, ३१ × ३७. मग ८६३३ आला, तो ८९ × ९७ निघाला. वर्षं जात होती तसे आकडे लांबत गेले. सात घरांचा आकडा आला की अप्पांचे दोन-दोन महिने सुखात जायचे.

आमचे पोस्टमन साहेबराव ही कार्डं आणत. पोस्टकार्ड उघडंच असतं, वाचू नये म्हटलं तरी डोळे जातात. साहेबरावांनी पहिली दोन वर्षं ठाम समजूत करून घेतली होती, की नांदेडहून कुणी जाणकार अप्पांना मटक्याचा आकडा कळवतो. एकदा त्यांनी कार्डावरचे शेवटचे दोन आकडे गुपचूप लावूनही पाहिले. बुडाले. दुसऱ्या दिवशी कार्ड देताना कुरकुरले, "अप्पा, तुमचा माणूस पक्का दिसत न्हाई."

"लई पक्का हाय," अप्पा म्हणाले. "अजून एकदाबी चुकला न्हाई."

अकरा वर्षांत दोघं भेटले एकदाच. माहूरला, ठरवून. रेणुकादेवीच्या पायऱ्या चढताना दोघांनी मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या आणि वर पोचल्यावर एकीचा फरक आला. त्यावरून देवीच्या दारात इतका वाद झाला, की दर्शनाच्या रांगेतल्या बायकांनी त्यांना भाऊ-भाऊ समजून समजावलं. उतरताना परत मोजल्या. परत एकीचा फरक. मग एका पायरीवर बसून गुरुजींनी अप्पांची वही चाळली. पानंच्या पानं भागाकार, पण प्रत्येकापुढं नुसती फुली. गेला नाही, गेला नाही, गेला नाही.

"अप्पा, बाकी कुठंय?"

"बाकी म्हंजे कडता, गुरुजी. झाडून टाकायचा."

आता कडता म्हणजे मातीकाडीपोटी वजनातून सोडून द्यायचा तो भाग. अडतीस वर्षं मापाडीपण केलेल्या माणसाला वरचं भुसकट कशाला लिहायचं, हे कळणं अवघडच. भाग गेला तर गेला, नाही गेला तर पुढचं पोतं घ्या. गुरुजी म्हणाले, "लिहीत जा. बाकीतही माणूस कळतो." अप्पांनी हाव म्हटलं. लिहिली मात्र नाही.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीअखेरीस एक कार्ड आलं. अक्षर कलंडलेलं, शून्याचं वेटोळं उघडं राहिलेलं. आकडा होता ३९९१६८०१. तीन कोटी नव्याण्णव लाख सोळा हजार आठशे एक. एवढा मोठा आकडा आधी कधीच आला नव्हता. खाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा, चार शब्द लिहिले होते, "अप्पा, बाकी लिहीत जा."

चौथ्या दिवशी तनुजाताईंचा फोन आला. गुरुजी गेले.

अप्पा तिसऱ्याच्या दिवशी एसटीनं नांदेडला गेले. पायरीशी चप्पल काढली, आत सतरंजीच्या कडेला बसले. लोक येत होते, शाळेतले, शेतातले, सोयरे. प्रत्येक जण कुणाचा तरी कोण होता. एका पाहुण्यानं विचारलं, "आपण कोण?"

"मी अहमदपूरचा."

"हो, पण गुरुजींचे कोण?"

अप्पांनी मनात हिशेब केला. मित्र म्हणावं तर अकरा वर्षांत एकदा भेट, तीही भांडणात गेलेली. विद्यार्थी म्हणावं तर वय एकच. शेवटी म्हणाले, "त्यांचं सोयाबीन मोजलं होतं."

त्या पाहुण्यानं मान हलवली आणि जरा सरकून बसला. चहा आला तेव्हा तनुजाताईंनीच ओळखलं. "तुम्ही कार्डवाले अप्पा का? यांना तर वाटायचं बाबा मटका खेळतात." सगळे हसले. अप्पाही हसले. मग ताईंना आतून हाक आली. अप्पांनी कप बशीत पालथा घातला आणि स्टँडवर येऊन बसले.

आल्यावर माझ्याकडून चार वह्या घेतल्या. म्हणाले, "गुरुजींचं हे शेवटचं कार्ड. उत्तर द्यावं लागतंय."

"अप्पा, द्यायचं कुणाला?"

"ते नंतर बघू. माल काट्यावर आला म्हंजे मोजायचा. मालक गेला म्हणून पोतं तसंच ठेवत्यात का?"

दोन आकडे त्यात कुठंतरी बसलेले आहेत, एक धाकटा आणि एक थोरला. ते काढून गुरुजींच्या हिशेबी बरोबर उत्तर द्यायचं. अप्पांचं आता तेवढंच काम उरलं होतं. सुरुवातीचे पाच तर त्यांनी नजरेनंच उडवले. शेवटी एक आहे म्हणजे दोन जात नाही, पाच जात नाही. तीनासाठी आकड्यांची बेरीज करायची. ती सदतीस आली.

"सदतीस!" अप्पा एकदम म्हणाले. "आपली पहिली पोती की हो शेठ. गुरुजींनी खूण घातली बघा." या आनंदात सात आणि अकरा यांच्यापुढंही फुल्या पडल्या. गुरुजींचं म्हणणं आपल्याला कळलं, असं अप्पांना वाटलं आणि कार्ड देवघरात ठेवलं गेलं.

पुढं मग रोज सकाळी लिंगपूजा झाली की दोन भागाकार. दोनच. चाळणीतून काढलेल्या मूळ संख्या ओळीनं घ्यायच्या आणि चाळीस लाख दहा वेळा होईल एवढ्या आकड्याला त्यांनी भागायचं. प्रत्येक भागाकार एकदा सरळ, मग त्याचा ताळा. माझ्या गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली. पन्नास पानं झेरॉक्स काढायला आलेला माणूस सहज विचारायचा, "अप्पा कितीवर आले?" मी सांगायचो, "अठराशे एकाहत्तर." तो "हां हां" म्हणायचा, जणू त्याच्या घरचंच लग्न ठरतंय.

उन्हाळ्यात मला राहवलं नाही. मी मोबाईल घेऊन ओट्यावर गेलो. "अप्पा, हा एका सेकंदात सांगतोय."

अप्पांनी चष्मा वर केला. "मग उरलेल्या दिवसाचं काय करू?"

मी मोबाईल खिशात घातला. तेव्हापासून त्या आकड्याबद्दल मी मोबाईलला काही विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातही नसावं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मृत्युंजय दिवाळीला दोन दिवस आला, अप्पांना हैदराबादला चला म्हणाला. अप्पा म्हणाले, "एवढं मोजून होऊ दे." त्यानं वही बघितली, मग माझ्या दुकानात येऊन हळूच विचारलं, "काका, अप्पांचं डोकं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "तुझ्या-माझ्यापेक्षा बरं आहे, चार हजारापर्यंत आलंय." त्याला धीर आला की नाही, ठाऊक नाही. जाताना अप्पांना नवी शाल देऊन गेला.

जानेवारीत अप्पांना त्र्याहत्तरावं लागलं. त्या दिवशी मी शिरा घेऊन गेलो. अप्पा म्हणाले, "आलाव का? मला वाटलं मूळ संख्येला कोण येतंय." हसत म्हणाले, पण शिरा पुरता खाल्ला. हल्ली ते पुरतं खात नसत.

जसजसा आकडा सहा हजाराकडं सरकला तसं त्यांचं बोलणं कमी झालं. दोन्ही बाजूंनी भीती होती. सापडला तर गुरुजींचं शेवटचं कार्ड संपणार. नाही सापडला तर आपलं माप चुकलं. मार्चअखेरीस एका दुपारी ते वही घेऊन रस्ता ओलांडून आले. अप्पा दुकानात स्वतः येतात ते वही संपली की. वहीत अजून पानं होती.

"संपलं," ते म्हणाले.

"सापडलं?"

"न्हाई. संपलं."

मी स्टूल दिलं. ते सांगू लागले आणि मला ते चक्क समजलं, म्हणून लिहितो. आकडा दोन मूळ संख्यांचा असेल तर त्यातली धाकटी एका मर्यादेच्या आतच असली पाहिजे. आज सकाळी त्यांनी सहा हजार तीनशे सतरानं भागलं. भाग सहा हजार तीनशे अठरा वेळा गेला आणि वर बाकी उरली. पुढच्या संख्येला भाग भागणाऱ्यापेक्षा लहान येतो, म्हणजे धाकटा-थोरला यांची अदलाबदल होते. धाकटा असता तर इथवर सापडायलाच हवा होता. दोनापासून आजपर्यंत आठशे बावीस मूळ संख्या झाल्या. आठशे बावीस फुल्या.

"म्हंजे एकतर मी चुकलो," अप्पा म्हणाले, "न्हाईतर…" आणि थांबले. आजारपणात गुरुजींचा गुणाकार चुकला असेल, हे त्यांच्या जिभेवर येईना. हातात कार्ड होतं. देवघरात राहून त्याला भस्माचा वास लागलेला.

आकडा बघून मला काय कळणार? मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी अक्षरं वाचली.

"अप्पा, गुरुजींनी खाली लिहिलंय, बाकी लिहीत जा. लिहिली का?"

"ते तर ते नेहमीच म्हणायचे."

"नेहमी म्हणायचे, पण कार्डावर कधी लिहिलं होतं?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग काउंटरवरचं पेन उचललं आणि वहीचं शेवटचं पान उघडलं. दोनानं भागलं, बाकी एक. तीनानं, बाकी एक. पाचानं एक. सातानं एक. अकरानं एक. चौदा महिन्यांपूर्वी नजरेनं उडवलेली पाच पोती परत काट्यावर आली होती आणि प्रत्येकावर तेवढंच उरत होतं. मग त्यांनी गरज नसताना चारानं भागलं, सहानं, आठानं, नवानं, दहानं. एक. एक. एक. एक. एक.

"समद्याला लाभ," अप्पा पुटपुटले.

त्यांनी तो लाभ आकड्यातून काढून बाजूला ठेवला. ३९९१६८०० राहिले. आणि मग यार्डातल्या आवाजात, दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकतील अशा आवाजात, गुणत सुटले. "लाभ! दोन! सहा! चोवीस! एकशे वीस! सातशे वीस! पाच हजार चाळीस!" पुढचे मी त्यांच्या कागदावरून उतरवले आहेत. ४०३२०, ३६२८८०, ३६२८८००. आणि अकरानं गुणल्यावर बरोबर ३९९१६८००. लाभापासून अकरापर्यंतचे सगळे आकडे एकमेकांत गुणलेले आणि वर पुन्हा एक लाभ ठेवलेला.

"अकरा," मी म्हटलं. "अप्पा, खेळ किती वर्षं चालला?"

अप्पा एकदम हसायला लागले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "शेठ, काटा मारला की हो गुरुजींनी! दोन संख्या घातल्याच न्हाईत. मूळ आकडाच पाठवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा काटा मारला!"

"का पण?"

हसू ओसरलं. "मला काम पुरावं म्हणून," अप्पा म्हणाले. "तुटणारा आकडा दिला असता तर मी मधीच मोकळा झालो असतो."

दोन दिवसांनी ते परत आले, आणखी एक कागद घेऊन. दहा वर्षांचा गुणाकार करून वर लाभ ठेवला तर ३६२८८०१ येतात, आणि तो आकडा अकरानं तुटतो. बारा वर्षांचा केला तर ४७९००१६०१, तो तेरानं तुटतो, एकदा नव्हे दोनदा. मधला अकराचाच तेवढा तुटत नाही. "गुरुजींनी हे कुठं वाचलं, का सोता भागून बघितलं, मालूम न्हाई," अप्पा म्हणाले. "अकरा वर्षं पुरी व्हायची वाट बघितली का योगायोग, तेबी मालूम न्हाई. इचारायचं कुणाला?"

त्याच दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं. धाकटी आधी, थोरली नंतर, नियमाप्रमाणं: लाभ × ३९९१६८०१. पत्ता शेषेराव गुरुजींचा, नांदेड. साहेबरावांनी कार्ड घेतलं, पत्ता वाचला, परत एकदा वाचला. पिशवीत टाकलं.

पंधरा दिवसांनी साहेबराव सायकल हातात धरून आले. एरवी ते रस्त्यातूनच ओरडतात. आज ओट्यापर्यंत चढले. "अप्पा, तुमचं कार्ड हाय."

अप्पांनी घाईनं हात पुढं केला. मी समोरून बघत होतो. तो हात मला विसरता येणार नाही. कार्ड त्यांचंच होतं, परत आलेलं. तनुजाताईंची बदली होऊन घर बंद झालं होतं आणि नांदेडच्या पोस्टमननं पत्त्यावर आडवं लिहिलं होतं, घेणारा हयात नाही.

"मी तिकडं सांगून बघतो," साहेबराव म्हणाले, म्हणजे काय सांगून बघणार ते त्यांनाही ठाऊक नसावं. "न्हाई तर, अप्पा, मी आकडा पाठवू का? मला गुणाकार येतोय."

"ऱ्हाऊ द्या, साहेबराव. तुम्ही मटक्याचा पाठवाल."

साहेबराव हसले, नाक ओढलं आणि गेले. अप्पा कार्ड उलटंसुलटं करत बसले. संध्याकाळी मी गेलो तर म्हणाले, "खूण न्हाई."

"कसली?"

"बरोबरची. पाठवणाऱ्यानं करायची असती. ती न्हाई झाली."

"मग तुम्हीच करा की. उत्तर बरोबर आहे, मी बघितलंय."

"आपल्या मापाला आपणच बरोबर म्हणायचं नसतंय," अप्पा म्हणाले. "आन् आठशे बावीस फुल्यांपुढं मी बाकी लिहिलेली न्हाई. कोण मानंल? फेरमाप करावं लागंल. साक्षीला तुम्ही बसा. काही करू नका, नुसते बसा."

यार्डात वजनावर वाद झाला की माल पुन्हा काट्यावर चढतो आणि तिऱ्हाईत माणूस समोर उभा राहतो. त्याला फेरमाप म्हणतात. इथं वाद घालणारा कुणी नव्हता. तरी अप्पांनी आतून एक लोखंडी खुर्ची आणली, पुसली आणि ओट्यावर आपल्यासमोर मांडली. नवी वही उघडली. सकाळी दोन भागाकार, पूर्वीसारखेच.

पहिल्या दिवशी मी बसलो. दोन आणि तीन. अप्पांनी भागलं, मान वर केली आणि मला सांगितलं, "लाभ." मी मान हलवल्यावरच लिहिलं. दुसऱ्या दिवशीही बसलो. पाच आणि सात. तिसऱ्या दिवशी शाळांच्या परीक्षांची झेरॉक्स आली आणि दुकानापुढं ही रांग लागली. मी तिथूनच हात करून सांगितलं, आज जमत नाही. अप्पांनी हात हलवला, असू द्या म्हणून.

मशीनचा आवाज मधे थांबला तेव्हा मी समोर बघितलं. अकराचा भागाकार झाला होता. अप्पांनी मान वर केली, रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "लाभ," आणि क्षणभर थांबून लिहून घेतलं. मग तेरा घेतले. हा बराच वेळ चालला. गिऱ्हाईक मला म्हणालं, काका, माझी पानं. मी म्हटलं, थांब जरा.

अप्पांनी ताळा केला. पुन्हा केला. तेराला लाभ येत नाही, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला, परत लावला आणि खुर्चीला सांगितलं,

"बाकी दोन."

मग खुर्चीनं मान हलवावी एवढा वेळ थांबून ते वहीत लिहिलं.